शांत, रंगीत आणि मिळूनमिसळून राहणारे

मालवणात मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होते, ते गृहस्थ अतिशय शांतताप्रिय होते. ही माहिती त्यांनीच मला दिली. दुसऱ्या कोणाकडून ती मिळण्याचा संभव नव्हता.

खोली बघायला गेले तेव्हा ते अंगणात उभे राहून शेजारच्या माडाला खडसावत होते. शेजाऱ्याशी त्यांचं बोलणं बंद होतं, त्यामुळे जे काही सुनावायचं ते माडाला सुनावावं लागे. शेजारी पलीकडे आपल्या पडवीत चहा पीत सगळं ऐकून घेई. झावळ्या यांच्या कौलांवर पडत, एवढाच माडाचा गुन्हा. माडाला पुरेसं लाजवून झाल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "माका वाद नको असता. बघलात मा, कसो शांतपणे सांगतंय तां."

"माका वाद नको" हे वाक्य पुढे मी त्या घरात उठता-बसता ऐकलं. कीर्तनाला जसं नमन, तसं त्यांच्या भांडणाला हे वाक्य. ते कानावर पडलं की त्यांच्या पत्नी, म्हणजे काकी, गॅस बारीक करायच्या, कारण जेवण लांबणार हे ठरलेलं असे.

मी मूळची कोल्हापूरकडची. मालवणच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले होते. राहायला वरची खोली आणि जेवायला खाली त्यांच्या टेबलावर, असं ठरलं. काका मुंबईत गोदीच्या कचेरीत उभी हयात काढून निवृत्तीनंतर गावच्या घरी परतले होते. गोदीत त्यांनी नेमकं काय काम केलं ते मला कधी नीट समजलं नाही. त्यांच्या सांगण्यावरून, तिथे बाकीचे सगळे चुका करत आणि हे त्या दाखवून देत, असं काहीसं ते खातं असावं. आपल्याला बढती का मिळाली नाही याचं त्यांना अजून आश्चर्य वाटे. ऐकणाऱ्याला वाटत नसे.

घरात ते मालवणीत बोलत. भांडण रंगात आलं की मात्र कचेरीतल्या शुद्ध मराठीवर जात. मालवणीत ते नुसते चिडलेले असत. "असं आहे" अशी शुद्ध सुरुवात झाली की समोरच्यानं ओळखावं, आता सुटका नाही. दूधवाल्यानं हे बरोबर हेरलं होतं. तो "असं आहे" ऐकताच किटली उचलून चालायला लागे, आणि मग उरलेलं वाक्य फाटकाला ऐकावं लागे.

सकाळी ते पिशवी घेऊन मासळी बाजारात जात. तिथल्या बायका त्यांना लांबून ओळखत. काका बांगड्याचा कल्ला उचलून बघत, वास घेत, बांगडा उन्हाकडे धरून बघत, आणि हा कालचा आहे असं जाहीर करत. एकदा मी बरोबर होते. ज्या बाईचा बांगडा कालचा ठरला तिनं त्यांना शांतपणे सुचवलं, की मग काकांनी स्वतः होडीत बसून आजचा घेऊन यावा. त्यावर काकांनी तिला होडी, वारा आणि जाळं यांबद्दल बरंच काही समजावून सांगितलं. ऐकणारी बाई पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेल्या घरातली होती, पण त्यानं काकांचा आत्मविश्वास कमी झाला नाही. शेवटी बांगडे तिच्याकडूनच घेतले. ते ताजेच होते.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला कळत नसे. आठवडाभर असा कल्ला तपासून मासे आणणारा हा माणूस रविवारी हमखास मऊ पडलेले, कोणी न घेतलेले मासे घेऊन घरी येई, आणि तेही चांगलं ऊन चढल्यावर. काकी ते निमूटपणे साफ करायच्या. जो माणूस कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीला घाम फोडतो, तो रविवारीच असा कसा फसतो, असं मी एकदा काकींना विचारलं. त्या नारळ खवत होत्या. खवता खवता त्यांनी सांगितलं, आणि मला त्या घरातली खरी भानगड समजली.

त्यांना एकच मुलगी. ती पुण्यात नोकरी करते. तिनं स्वतःच्या पसंतीनं नागपूरकडच्या मुलाशी लग्न केलं. लग्नाला काकांची हरकत नव्हती. म्हणजे होती, पण ती सगळ्याच गोष्टींना असते तेवढीच. लग्नानंतर जावई पहिल्यांदा मालवणात जेवायला बसला. काकांनी त्याच्यासाठी कर्ली आणली होती. कर्ली म्हणजे चवीला राणी आणि आत सगळा काट्यांचा कारभार. मालवणातली माणसंसुद्धा ती खाताना गप्पा मारत नाहीत. नागपूरच्या बिचाऱ्या मुलानं दोन्ही हातांनी तिच्याशी झुंज दिली, मग हार मानून तुकडा ताटाच्या कडेला सारला आणि पाणी प्यायला. काका म्हणाले, "माका वाद नको." मग ते माशाच्या मानापमानावरून नागपूरवर गेले, नागपूरवरून तिथल्या माणसांच्या आळसावर, आणि तिथून ज्या आईनं मुलाला साधं जेवायला शिकवलं नाही तिच्यावर. तोवर ते शुद्ध मराठीत पोहोचले होते. मुलगी भरल्या पानावरून उठली. हात धुतला, पिशवी उचलली, नवऱ्याला उठवलं आणि दुपारची गाडी पकडून गेली.

त्यानंतर ती त्या घरात जेवली नव्हती. आईला फोन मात्र करायची, रविवारी सकाळी, बाबा बाजारात असतील त्या वेळी. हे बाबांना माहीत होतं, असं काकी म्हणाल्या. त्यांनी कधी विचारलं नाही आणि काकींनी कधी सांगितलं नाही. रविवारी ते नुसते बाजारात थांबायचे. मासळी संपेपर्यंत थांबायचे, आणि मग जे उरेल ते घेऊन यायचे.

त्या दिवसापासून मी रविवारचे मासे निमूटपणे खाऊ लागले.

मग एकदा काकांची दाढ दुखली. काकी त्यांना घेऊन कुडाळला दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. परत आल्यावर काकींनी मला जे सांगितलं ते त्या देवळात काही अघटित बघून आल्यासारखं सांगत होत्या. दवाखान्यात गर्दी होती. काका बसले, आणि बसूनच राहिले. नंबर मागेपुढे झाला तरी काही बोलले नाहीत. पंखा बंद पडला तरी काही बोलले नाहीत. शेवटी हाक मारली तेव्हा एका म्हाताऱ्या बाईला म्हणाले, तुम्ही जावा आधी. काकींना वाटलं दाढेचं दुखणं मेंदूला लागलं. मग त्यांनी बघितलं तर समोर भिंतीला काचेची मोठी पेटी होती, तिच्यात रंगीत मासे फिरत होते, आणि काका त्यांच्याकडे बघत होते.

दाढ काढून आलेल्या माणसानं गप्प बसावं असा डॉक्टरांचा सल्ला होता. तो मोडून काकांनी त्याच रात्रीच्या जेवणात घोषणा केली, की आपल्या घरातही अशी टाकी येणार. आणि ती जेवणाच्या खोलीत येणार.

"जेवणाच्या खोलीत मासे रोजच असतत," काकी म्हणाल्या. "ताटात."

"ते खावचे. हे बघूचे."

बैठकीच्या खोलीत ठेवावी, पाहुण्यांना दिसेल, असं मी सुचवून बघितलं. काकांनी मान हलवली. टाकी टेबलासमोरच हवी. रक्तदाबाला बरी असते, असं ते म्हणाले. त्यांचा रक्तदाब उत्तम होता. तो इतरांचा वाढवत असे.

काचेची पेटी आली, भिंतीशी बसवली, विहिरीचं पाणी भरलं, हवेचा पंप बुडबुडे सोडायला लागला. कित्येक दिवस आम्ही तिघंही जेवताना रिकाम्या पाण्याकडे बघत होतो. काका म्हणायचे, पाणी मुरायला हवं. पेटीबरोबर आलेल्या पुस्तिकेत तसं लिहिलं होतं, आणि पुस्तिकेशी भांडता येत नसल्यामुळे त्यांनी ते ऐकलं.

मासे निवडायला सावंतवाडीला जायचं ठरलं. बरोबर मी. जीवशास्त्र शिकवते म्हणजे माशांचं कळत असणारच, असा त्यांचा हिशेब. मी मुलांना बेडकाच्या पोटात काय असतं ते शिकवते, हे सांगून बघितलं. उपयोग झाला नाही.

दुकान तळ्याच्या बाजूला बाजारपेठेत होतं. दुकानदार बोलका, हसतमुख माणूस. आलेल्या गिऱ्हाइकानं कुठला मासा छान दिसतो ते विचारावं, यानं तो जाळीनं काढून द्यावा, अशा सरळ धंद्याची त्याला सवय होती. काका आत गेले, हात पाठीमागे बांधून टाक्यांसमोरून एक फेरी मारली आणि त्याला विचारलं, ह्यांचे स्वभाव कसे आहेत. दुकानदार म्हणाला, सगळे मस्त रंगीत आहेत काका.

"रंग माका दिसता," काका म्हणाले. "स्वभाव विचारतंय."

मग जे सुरू झालं ते मी स्वतःच्या बहिणीच्या लग्नाच्या वेळीसुद्धा बघितलं नव्हतं. एकेक मासा पुढे यायचा आणि त्याच्या चारित्र्याची चौकशी व्हायची. गोल्डफिश दिसायला भारदस्त, पण सारखा खातो आणि पाणी घाण करतो, असं दुकानदाराच्या तोंडून निघून गेलं. असे आमच्या कचेरीत पुष्कळ होते, असं म्हणून काकांनी तो बाद केला. टायगर बार्ब म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे चपळ मासे. पण ते दुसऱ्यांच्या शेपट्यांना मागून चावतात हे कळल्यावर काकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. एंजल नावाचा मासा आडव्या पतंगासारखा संथ तरंगत होता, आणि काकांना तो मनापासून आवडला होता. मोठा झाल्यावर तो बारीक मासे गिळतो, असं दुकानदार म्हणाला. नावात देवदूत आणि वागण्यात हे, याचा काकांना इतका धक्का बसला की ते थोडा वेळ स्टुलावर बसले.

निऑन टेट्रा पास झाले. निळी-लाल रेघ असलेले बोटभर मासे, थव्यानं राहणारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. एकटा ठेवला तर घाबरून मरतो, असं दुकानदार म्हणाला. काळ्या मॉली पास झाल्या. तळाशी बसून इतरांचं उष्टं खाणारा कोरीडोरा नावाचा मिशीवाला मासाही पास झाला. घरात एक तरी समजूतदार असावा, असं काका म्हणाले, आणि मला काकींची आठवण झाली.

गप्पीवर गाडी अडली. गप्पी नाजूक, शेपट्या नऊवारीच्या ओच्यासारख्या रंगीत, स्वभाव एकदम गरीब. दुकानदारानं एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण तो प्रामाणिक माणूस. गप्पी आपलीच पिल्लं खातात, हेही त्यानं सांगून टाकलं.

काका बराच वेळ टाकीत बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, की जी वाचतात त्यांचं काय होतं. ती झाडोऱ्यात लपून राहतात, मोठी झाली की मग त्यांना धोका नाही, असं दुकानदार म्हणाला.

"मगे परत येतत?" काकांनी विचारलं.

"जातली खंय काका? टाकी ती."

गप्पी घेतल्या. शिवाय भरपूर झाडोराही घेतला. मग काकांनी शेवटचा प्रश्न विचारला. आत्तापर्यंतचे सगळे प्रश्न त्यांनी दुकानभर ऐकू जातील असे विचारले होते. हा मात्र दुकानदाराच्या जवळ जाऊन, जवळजवळ कानात विचारला. मी शेजारी होते म्हणून ऐकू आला.

"जेवताना भांडतत?"

दुकानदार म्हणाला, दोन कोपऱ्यांत थोडं थोडं टाका, म्हणजे नाही भांडत. काकांनी मान डोलावली. माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं, की आम्ही सावंतवाडीला मासे आणायला आलोच नव्हतो.

इथे आम्ही निघालो असतो तर सगळं सुरळीत झालं असतं. पण दुकानाच्या फळीवर काचेच्या छोट्या छोट्या बाटल्या होत्या, आणि एकेका बाटलीत एकेकच मासा होता. एक गडद निळा, लाल झालरींचा, अगदी स्थिर. काकांनी त्याच्यासमोर बोट नेलं तरी तो हलला नाही. सगळ्या दुकानात हाच खरा शांत, असा त्यांनी निकाल दिला. दुकानदारानं सांगितलं, तो फायटर आहे, इतरांत सोडू नका. काका म्हणाले, नाव वाईट म्हणून माणूस वाईट ठरत नाही. दुकानदार म्हणाला, "तो गप आसा कारण एकटो आसा, काका."

एवढं स्पष्ट उत्तर काकांना आयुष्यात फारसं कोणी दिलं नसावं, आणि म्हणूनच ते त्यांना पटणं शक्य नव्हतं. "असं आहे," त्यांनी सुरुवात केली. बिचाऱ्या दुकानदाराला या दोन शब्दांचा अर्थ माहीत नव्हता. संगत, संस्कार, एखाद्याला नावावरून वाळीत टाकण्याची समाजाची वृत्ती, असं बरंच काही त्याला ऐकावं लागलं. तोवर मागे चार गिऱ्हाइकं थांबली होती. शेवटी त्यानं हात जोडले आणि बाटली काकांच्या हातात दिली. काका वाद जिंकले. ते नेहमीच जिंकत.

परतीच्या गाडीत पाण्यानं फुगलेल्या पिशव्या आमच्या मांडीवर होत्या. वाटेत कट्टा गावाला एक म्हातारी चढली, शेजारी बसली, पिशवीत वाकून बघितलं आणि अगदी आपुलकीनं विचारलं, "काकानू, हे तळूचे काय कढयेत घालूचे?" काकांनी तिला शोभेचे मासे ही कल्पना समजावली. मासा आहे, पण खायचा नाही, हे तिच्या पचनी पडेना. मग किती दिवसांनी खायचा, असं तिनं विचारलं. उतरायची वेळ येईपर्यंत काका बोलत होते, आणि ती शेवटी मला म्हणाली, घरात आजारपण काही आहे काय.

टाकी सजली. खरं सांगायचं तर देखणी दिसत होती. अडचण एकच होती: समोर टेबलावर तळलेला बांगडा, आणि काचेपलीकडे रांगेनं उभे राहून बघणारे मासे. काकींना घास उतरेना. त्यांनी खुर्ची फिरवून टाकीकडे पाठ केली. काकांनी त्यांना समजावलं, की हे गोड्या पाण्यातले, ह्यांची आणि बांगड्याची कसलीही सोयरीक नाही. काकी म्हणाल्या, बांगड्याला तरी ते माहीत होतं काय.

काका रोज दोन कोपऱ्यांत खाणं टाकत. मासे खरोखरच भांडत नव्हते. त्याचं श्रेय काकांनी स्वतःकडे घेतलं. जेवताना ते आता टाकीकडे बघत, त्यामुळे आमच्या ताटांकडे बघायला त्यांना कमी वेळ मिळे. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा गरम आमटी खाल्ली ती त्या दिवसांत.

मग गप्पींच्या शेपट्या झिजायला लागल्या. आज एकीची झालर फाटलेली, उद्या दुसरीची. निळा फायटर दगडाआड शांत उभा असे आणि मधूनच झडप घाली. मी हे काकांना दाखवलं. त्यांनी फायटरची बाजू घेतली. गप्पी उगाच त्याच्यासमोरून मिरवतात, तो आपला गप्प असतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, त्या पोहतात, मिरवत नाहीत. त्यावर मला गप्पींच्या स्वभावातल्या खोडींची एक लांबलचक यादी ऐकावी लागली. दोन गप्पी मेल्या तेव्हा ते म्हणाले, त्या दुबळ्याच होत्या. तिसरी त्यांनी स्वतः हातानं बाहेर काढली. पण फायटरला बाहेर काढायला मात्र तयार होईनात.

एका सकाळी काका बाजारात गेले असताना काकींनी लोणच्याची मोठी काचेची बरणी घासली, तिच्यात टाकीतलंच पाणी भरलं, पदर खोचला आणि भातवाढणीनं फायटरला उचलून तिच्यात सोडलं. मी शाळेत निघाले होते. मला उगाच थोडा उशीर झाला. बरणी त्यांनी टेबलावर नेऊन ठेवली, काकांच्या ताटाच्या जागेशेजारी.

काका आले. पिशवी हातातच होती. त्यांनी टाकी बघितली, बरणी बघितली. मी "माका वाद नको" ची वाट बघत जिन्यात थांबले. काकींनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि मासे साफ करायला मागच्या दारी जाता जाता म्हणाल्या, "वायट नाय तो. चार जणांत ऱ्हवाक त्येका जमणा नाय, इतक्याच."

एवढं बोलून त्या गेल्या. काका टेबलाशी बसले. मी अजूनही थांबले होते, पण काहीच झालं नाही. त्यांनी बरणी जरा फिरवली आणि आत बघत बसले. आयुष्यभर सगळ्यांना चुका दाखवणाऱ्या माणसाला कोणी इतक्या थोड्या शब्दांत एखादी दाखवली, की तो कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं. फार छान दिसत नव्हता. मी शाळेत निघून गेले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता काकींना सांगितलं, "चेडवाक फोन कर. मे म्हयन्यात येवंदे. दोघांय येवंदेत." थोडा वेळ भात कालवून मग म्हणाले, "मी सांगलंय म्हणान सांगू नको."

काकींनी अर्थातच लेकीला ते सांगितलं.

मे महिन्यात ती दोघं आली. मुलगी बापासारखीच रुंद कपाळाची आणि बारीक ओठांची. मला बघताक्षणी थोडी धास्ती वाटली. जावई मऊ आवाजाचा, बोलण्याआधी विचार करणारा, म्हणजे त्या घरात कायम मागे पडणारा. काकांनी त्या दिवशी बारीक काटे नसलेला मासा आणला होता. सुरमईच्या मोठ्या तुकड्या. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत, पण मला समजलं आणि मुलीलाही समजलं असावं, कारण तिनं ताटाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

आम्ही पाचजण टेबलावर. काका टाकीकडे बघत जेवत होते. पंपाचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. शेवटी जावयाला वाटलं, काहीतरी चांगलं बोलावं. त्यानं टाकीचं कौतुक केलं. रंगसंगतीचं कौतुक केलं. मोबाइलवर वाचण्याची त्याला आवड होती, म्हणून पुढे म्हणाला, की टाकीच्या मानानं मासे थोडे जास्त झाले आहेत का, बाबा, एवढ्यात त्यांना नीट श्वास घेता येत नसेल.

काकांचा घास हातात राहिला. मानेची शीर वर आली. ते जावयाकडे वळले आणि म्हणाले, "असं आहे."

मुलीनं ताटातला हात उचलला. काकींनी वाढायचा डाव खाली ठेवला. मी माझ्या भातात बघितलं. मला आठवतं, भातावर आमटी होती आणि ती हळूहळू पसरत होती.

पुढचा शब्द आलाच नाही. मी वर बघितलं तर काका टाकीकडे बघत होते. मासे काही मदत करत नव्हते. ते आपले इकडून तिकडे फिरत होते. मग काका उठले. एका हातात ताट घेतलं, दुसऱ्या हातात आमटीची वाटी, आणि मागच्या दाराकडे गेले. दारात थांबून, कोणाकडेच न बघता म्हणाले, "भायर वारो बरो आसा. तुमी जेवा."

मागच्या पडवीत वारा कधीच नसे. तिथे आम्ही पापड वाळत घालायचो, उडून जात नाहीत म्हणून.

जावयाचा चेहरा पांढरा पडला होता. आपण काय केलं ते त्याला कळत नव्हतं, आणि ते सांगायची ती वेळ नव्हती. मुलगी दाराकडे बघत बसली. उठते आता, मला वाटलं. काकींनाही वाटलं असणार, त्या पुतळ्यासारख्या झाल्या होत्या. मग मुलीनं हात ताटात घातला आणि जेवायला लागली. सुरमई संपवली. भात मागून घेतला. काकींनी तो वाढला तेव्हा अर्धी शितं टेबलावर पडली.

भात संपल्यावर मुलगी उठली. डाव्या हातात आमटीचं पातेलं घेतलं आणि मागच्या पडवीत गेली. दार उघडं होतं. काका पायरीवर बसून, ताट मांडीवर घेऊन, घामाघूम होऊन जेवत होते. तिनं आमटी हवी का विचारलं. त्यांनी वाटी पुढे केली. तिनं वाढली. त्यांनी भातावर ओतून एक घास घेतला.

"मीठ कमी आसा," ते म्हणाले.

ती वाकली, त्यांच्याच ताटात बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "बरोबर आसा, बाबा."

"कमी आसा."

ती पातेलं खाली ठेवून पायरीवर बसली आणि आमटीत मीठ बरोबर का आहे ते त्यांना समजावून सांगायला लागली. त्यांनी ते का कमी आहे ते सांगायला सुरुवात केली. आवाज चढले. त्यात मिठागर, खडामीठ, बारीक मीठ, पुण्याच्या पाण्यानं जिभेची झालेली वाट आणि म्हातारपणी जिभेची होणारी वाट हे सगळं आलं. माडापलीकडच्या शेजाऱ्यानं आपली खुर्ची कुंपणाजवळ ओढल्याचा आवाज आला.

जावई अर्धा उठला होता. काकींनी त्याच्या ताटात सुरमईची आणखी एक तुकडी घातली आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाल्या, "तुम्ही जेवा. त्यांचं आता चालायचं."

आमटी मीही खाल्ली होती. मीठ अगदी बरोबर होतं. पण मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगायला गेले नाही. मुलगी चार दिवसांसाठी म्हणून आली होती. तिनं दोनदा रजा वाढवली, आणि ती गेली त्या सकाळपर्यंत मिठाचा निकाल लागला नव्हता.